दौंड शाखेत मामी वारल्या, त्याची हकिगत

दौंड, स्टेशनसमोर
डिसेंबर १९६३

तीर्थस्वरूप गेणबामामा यांस,

भाचा भैरू याचा पायांवर डोकं ठेवून दंडवत. (ते डोकं हे पत्र संपेपर्यंत वर उचलायचं धाडस मला होणार नाही, तेव्हा ते तुमच्या पायांवरच आहे असं समजून पुढचं वाचावं. लाथ मारावीशी वाटली तर सोयीचं पडेल.) आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमचा गुडघा थंडीनं धरला असेल, त्याला एरंडाचं पान बांधत जावं. करडी मेंढी व्याली का? बाजरीची मळणी उरकली का? मामींची प्रकृती उत्तम असेल. असणारच. मामींच्या प्रकृतीबद्दल माझ्या तोंडून वर्षभरात जे जे बाहेर पडलं तेवढं सोडून बाकी सगळं उत्तमच असेल.

तुमचं कार्ड पोचलं. ‘तुझी मामी दौंडास्नं आली ती शिरूरला ऱ्हायलीच न्हाई, थेट कवठ्याला आली. स्टँडावरची चूल बंद हाय. पुसलं तर बोलत न्हाई. तू काय केलंस?’ एवढंच तुम्ही लिहिलंत आणि एवढंच मला पुरलं. तुमच्या भाचेसुनेनं, गिताबाईनं, ते कार्ड माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, ‘‘सगळं लिवा. अर्धं लिवलंसा तर उरल्यालं मी जाऊन सांगीन.’’ म्हणून सगळं लिहितो. मामी जे सांगत नाहीत ते त्यांना सांगता येत नाही म्हणून नव्हे, तर तुमच्यासमोर मला उघडं पाडायचं नाही म्हणून, हे मला कळतं, आणि ते कळल्यामुळंच घास उतरत नाही.

मामा, सगळ्याचं मूळ चांगलं होतं, हे आधी लक्षात घ्यावं. मामींचे वडील मेंढरांमागं चालता चालता जेवायचे, बाजरीच्या भाकरीचा चतकोर दुमडून, मधे ठेचा भरून. तोच चतकोर मामींनी शिरूरच्या एस. टी. स्टँडवर आणला आणि त्यात गरम कांदाभजी घातली. ताट नको, वाटी नको, बसायला बाकडं नको. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत माणूस जेवून गाडीत. लोको शेडमधली माझी बदलीची नोकरी सुटली तेव्हा माझ्या डोक्यात हेच आलं, की शिरूरला गाडी पाच मिनिटं थांबते तर एवढी भजी खपतात, मग दौंडला तर मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात, तोवर अख्खी गाडी भुकेली उभी असते! (ही अक्कल माझी. इथून पुढं जे झालं तेही माझ्याच अकलेनं झालं, त्यामुळं तिचं कौतुक इथंच थांबवतो.)

मामी तेव्हा स्वतः आल्या, आमच्याकडं राहिल्या, गिताबाईच्या हाताला हात लावून पीठ भिजवायला शिकवलं. मला एकच गोष्ट बजावली होती. ‘‘नाव माझं लावतूयास, तर चव बी माझीच लाव. सोडा घालायचा न्हाई, कालचं त्याल आज न्हाई, आन् भाकर थापताना गिऱ्हाइकाला दिसली पायजे.’’ मी मान डोलावली. त्या मानेबद्दल पुढं येईलच.

बोर्डावर मामींचं चित्र असावं ही हौस माझी. मामींनी जन्मात फोटो काढला नव्हता. इथल्या स्टुडिओवाल्याकडं मागं लावायला दोनच पडदे होते. एकावर समुद्र आणि आगबोट, दुसऱ्यावर निळं आभाळ, पांढरे ढग आणि कोपऱ्यात चंद्राची कोर. मामी म्हणाल्या, ‘‘बोटीत मी कशाला बसू? मला वकारी यील. ह्योच बरा.’’ स्टुडिओवाल्यानं त्यांना डोळे वर करायला सांगितले, हात जोडायला सांगितले. फोटो सुरेख आला. मामी ढगांत बसून वर बघतायत. आम्ही सगळे खूश.

रशीद पेंटर म्हणून इथं जुने कारागीर आहेत. त्यांचे आजोबा टांग्यांवर वेलबुट्टी काढायचे. माणूस सभ्य, बोलणं मोजकं, अक्षर असं की वाचता न येणाऱ्यानंही थांबून बघावं. फोटो बघून ते म्हणाले, ‘‘भैरूशेठ, ढग बी काढायचे?’’ (त्या भागात मला शेठ म्हणणारे ते पहिले. त्यानं मी जरा हललो होतो.) मी म्हटलं, फोटोत आहे ते सगळं काढा. ‘‘चंद्र बी? बघा बरं. खात्री हाय ना?’’ मी म्हटलं, चंद्राचे वेगळे लागत असतील तर तसं सांगा. त्या बिचाऱ्यांनी हुबेहूब मामी काढून दिल्या. गेल्या साली दसऱ्याला दुकान उघडलं, बोर्डाला झेंडूचा हार घातला, आणि मामी दुसऱ्या सोमवारी शिरूरला परत गेल्या. हार काढायचा राहिला. एवढीच काय ती सुरुवात.

त्याच आठवड्यात गाडीतून उतरलेले एक गृहस्थ बोर्डासमोर उभे राहिले, टोपी काढली आणि मला हळूच म्हणाले, ‘‘कधी गेल्या?’’

‘‘सोमवारी गेल्या,’’ मी म्हटलं.

‘‘अरेरे! काही होत होतं का त्यांना?’’

‘‘छे! इथं करमेना एवढंच. सारखा घोर, तिकडचं कसं होईल म्हणून.’’

‘‘सुखानं गेल्या ना पण?’’

‘‘हो, हो. एकदम सुखानं. खिडकीशी जागा मिळाली.’’

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्रच बघितलं. पण दुःखानं माणूस असं बरळतो अशी त्यांची समजूत झाली असावी. माझ्या पाठीवर हात ठेवला, घरच्या सगळ्यांसाठी म्हणून चतकोर बांधून घेतले आणि डब्यात जाऊन बाकीच्यांना सांगितलं. पाठोपाठ अर्धा डबा खाली उतरला. त्या दिवशी पीठ संपलं. गाडी गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी आणि गिताबाई पोट धरधरून हसलो. मामा, तिथवर मी खोटं बोललो नव्हतो. देवाशप्पथ सांगतो.

पण दुसऱ्या गाडीला एक बाई आल्या, बोर्डाकडं बघून डोळ्याला पदर लावला आणि म्हणाल्या, ‘‘माउलीनं किती जणांना जेवू घातलं असंल!’’ या खेपेला मला कळत होतं. मी काही बोललो नाही. फक्त मान खाली घातली. मान खाली घालणं म्हणजे काही बोलणं नव्हे, अशी मी माझ्या मनाची समजूत घातली. (मामींना शब्द देताना डोलावलेली मान ती हीच.) गिताबाई म्हणाली, ‘‘अहो, जित्या माणसाला हार घालू ने, काढा त्यो.’’ मी म्हटलं, फुलं वाळलीयत, वाळलेल्या फुलांचा हार धरत नाहीत. अशी शास्त्रं मला त्या दिवसांत आपोआप सुचायची. पुढच्या बाजाराला मी ताजा हार आणला.

असे दिवस गेले. दिवाळीत मी ओवाळणी घेऊन शिरूरला आलो, मामींनी विचारलं, ‘‘कसं चाललंय?’’ मी म्हटलं, तुमच्या नावावरच चाललंय सगळं. त्यांना फार बरं वाटलं. हे आठवलं की मला अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

मग राहू गावचे बापूसाहेब आले. त्यांची गुऱ्हाळं आहेत, रेशमी फेटा बांधतात आणि बोलताना समोरच्याचा हात धरून ठेवतात, त्यामुळं त्यांना नाही म्हणायचं तर आधी हात सोडवून घ्यावा लागतो. त्यांनी चतकोर खाल्ला, बोर्डाला नमस्कार केला आणि म्हणाले, ‘‘भैरूराव, एवढ्या पुण्यवान बाईचं नाव एका दौंडात कोंडून ठिवणं बरं न्हाई. केडगाव स्टेशनावर माझी जागा हाय. शाखा काढतो. पीठ तुमचं, रीत तुमची, आन् नाव त्यांचं.’’ मामा, शाखा म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढं जे आलं ते सांगायलाही लाज वाटते. लोको शेडमध्ये ज्यांनी मला ‘ए’ म्हणून हाक मारली ते साहेब केडगावला माझी भजी खातायत, असं काहीतरी. मी हो म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं, की बापूसाहेब, मामी शिरूरला आहेत, जाऊन त्यांना विचारू. पण बापूसाहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एका हातानं त्यांनी माझा हात धरलेला. दुसऱ्या हातात चतकोर होता.

त्यांनी एकच हट्ट धरला. मामींच्या हातची एखादी वस्तू शाखेत पाहिजे. मी म्हटलं, झारा देतो. मामींचा झारा तर मामींजवळ, शिरूरला, रोज चालू! म्हणून मी दौंडच्या बाजारातून नवा झारा आणला, चुलीच्या राखेत घासून जुना केला आणि फडक्यात गुंडाळून दिला. केडगावची शाखा अशी चालली की पाटसच्या एकानं मागितली, मग यवतच्या. प्रत्येकाला झारा पाहिजे. भांड्यांच्या दुकानदारानं शेवटी विचारलंच, की भैरूशेठ, तुमच्या मामींना हात किती होते? नवे बोर्ड रशीदभाईंनीच रंगवले. बापूसाहेबांच्या सांगण्यावरून प्रत्येक बोर्डावर मामी थोड्या गोऱ्या होत गेल्या, नाकात मोत्यांची नथ आली, डोक्यामागं उजेड आला. नावाआधी ‘कै.’ घालायचं ठरलं तेव्हा रशीदभाई ब्रश खाली ठेवून मला विचारायला आले, ‘‘कै. म्हंजी कैलासवासीच ना?’’ मी म्हटलं, तसंच काही नाही, कैक वर्षांचा अनुभव असाही अर्थ होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि ब्रश उचलला. त्या बघण्याला मी तेव्हा भ्यायला हवं होतं.

नाव वाढत गेलं तसा पदार्थ बिघडत गेला. पाटसवाल्यानं भजी फुगावीत म्हणून सोडा घातला. यवतवाला बाजरीऐवजी कालच्या चपात्या वापरायला लागला. बापूसाहेबांकडं गूळ मुबलक, म्हणून त्यांनी ठेच्यात गूळ कालवला आणि त्याला ‘मामींचा आवडता गोड ठेचा’ असं नाव दिलं. (मामींनी उभ्या जन्मात ठेच्यात गूळ घातलेला नाही. घालणाऱ्याच्या हातावर उलथणं मारतील.) मी बोलायला गेलो तर बापूसाहेब म्हणाले, ‘‘मामींनीच शेवटी शेवटी असं सुरू केलं व्हतं, तुम्हांला ठाव न्हाई.’’ घ्या! माझ्याच मामींबद्दल मलाच ठाऊक नाही, आणि मी हे ऐकून घेतलं, कारण ‘त्यांना विचारून बघू’ हे म्हणायचा रस्ता मीच बंद केलेला. शिवाय प्रत्येक शाखेत मामींचा शेवट वेगळा. केडगावला त्या पुरात अडकलेल्या गाडीतल्या उतारूंना भजी देता देता गेल्या. पाटसला चुलीपुढं बसल्या बसल्याच ज्योत विझली. यवतला तर त्यांनी शेवटचा चतकोर एका बैराग्याला दिला आणि तो बैरागी दिसेनासा झाला.

आणि मग बापूसाहेबांनी पहिली पुण्यतिथी काढली. सगळ्या शाखा एकत्र, इथं माझ्या दुकानासमोर, मांडव घालून. गावभर सांगितलं. मला तीन दिवस ताप होता, पण तो ताप कशाचा ते गिताबाई सोडून कुणालाच कळलं नाही. ती त्या दिवशी चुलीपाशी यायलाच तयार झाली नाही. ‘‘मी न्हाई बाई त्या पापाला पीठ भिजवनार,’’ म्हणून माहेरी निघून गेली. भजी तळायला पाटसवाला बसला.

आता मामी त्याच दिवशी दौंडला कशा आल्या ते ऐकावं. (हे त्यांनी मला सांगितलं नाही. मांडवात त्यांच्या शेजारी बसलेल्या बाईला सांगितलं, आणि तिनं नंतर सगळ्या गावाला.) आदल्या दिवशी शिरूरच्या स्टँडवर एका उतारूनं मामींच्या हातचा चतकोर खाल्ला आणि मामींनाच म्हणाला, ‘‘बाई, बरा हाय तुमचा, पर दौंडच्या स्वर्गवासी मामींची सर न्हाई.’’ मामींना वाटलं, दौंडला आणखी कुणीतरी मामी होती आणि ती बिचारी गेली. भैरूच्या धंद्याशेजारची असेल, आपण भेटून यावं, तिच्या घरच्यांना दोन शब्द बोलावेत. म्हणून मामी एस. टी. बदलत दौंडला आल्या. मामा, त्या दुखवट्याला आल्या होत्या हो!

मांडव भरलेला, त्याच्या कापडाआड दुकानाचा बोर्ड झाकलेला. समोर चौरंगावर तसबीर. गोरी, नथवाली, उजेडवाली. आता ती तसबीर मामींसारखी राहिलीच नव्हती, त्यामुळं मामींना कुणी ओळखलं नाही आणि मामींनीही स्वतःला ओळखलं नाही. बायकांची रांग फुलं वाहत होती, मामीही रांगेत उभ्या राहिल्या, फूल वाहिलं, हात जोडले आणि खाली बसल्या. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो. मी त्यांना फूल वाहताना बघितलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती मला त्या दिवशी प्रत्यक्ष दिसली. तरी मी हललो नाही. मला वाटलं, फूल वाहून त्या निघून जातील.

बापूसाहेब बोलायला उभे राहिले. कवठे येमाईच्या धनगराची लेक, वडलांच्या मेंढरांमागं चालली, शिरूरच्या स्टँडवर चूल मांडली, नाव म्हाळसाबाई. मी मामींकडं बघत होतो. नाव ऐकलं तशा त्या ताठ झाल्या. मग त्यांनी तसबिरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता उठतील, ओरडतील. मामा, त्या ऐकत बसल्या. माणसं काय काय बोलली! एका गार्डानं सांगितलं, की त्यांची भजी खाल्ली म्हणजे मला मेलेली आई आठवते. एक म्हातारी हुंदके देत होती. आणि मामीही पदर तोंडाला लावून रडल्या. स्वतःच्या पुण्यतिथीला त्या खरोखरच्या रडल्या. त्यांना कुणी आयुष्यात एवढं चांगलं म्हटलं नव्हतं, मामा. तुम्हीही नाही, मीही नाही.

मग प्रसाद म्हणून भजी वाटली. मामींनी एक तोंडात घातलं आणि तिथंच थांबल्या. डोळे पुसले, पदर खोचला, उठल्या आणि सरळ पाटसवाल्याच्या कढईपाशी गेल्या. ‘‘ऊठ,’’ म्हणाल्या. तो उठला. त्या आवाजाला कोण बसून राहील! त्यांनी भिजवलेलं पीठ बाजूला सारलं, नवं भिजवलं, झारा हातात घेतला.

बापूसाहेब धावत आले. ‘‘बाई, बाई! त्यो झारा मामींचा हाय, त्याला हात लावू नगा!’’ आणि माझ्याकडं वळून मोठ्यानं म्हणाले, ‘‘भैरूराव, ह्या कोन?’’

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मामा, ही जागा आहे. इथपर्यंत जे झालं त्याला मी थट्टा म्हणेन, लोभ म्हणेन, मूर्खपणा म्हणेन. पण इथं मला फक्त ‘माझ्या मामी’ एवढंच म्हणायचं होतं. बापूसाहेब होते, शाखावाले होते, आणि ज्यांच्याबद्दल मी मघाशी लिहिलं ते शेडमधले साहेब पहिल्या रांगेत बसले होते. मी म्हटलं, ‘‘गावाकडच्या हायेत. तळणाला बोलावल्यात.’’

मामींनी ऐकलं. माझ्याकडं बघितलंही नाही. ‘‘व्हय,’’ म्हणाल्या, ‘‘तळणालाच आल्ये.’’ आणि तळत बसल्या. सगळी रांग संपेपर्यंत तळलं, चतकोर भरून दिले. लोक म्हणत होते, अगदी कैलासवासी मामींचीच चव! शेवटी त्यांनी एक चतकोर माझ्या हातात ठेवला, हळूच म्हणाल्या, ‘‘खा. त्वांड सुकलंय तुजं.’’ मग हात धुतले आणि मी तो घास हातात घेऊन उभा असताना स्टँडकडं चालत गेल्या. मी मागं धावलो, एस. टी.च्या खिडकीशी जाऊन पाय धरायला बघितलं, पण खिडकीतून पाय धरता येत नाहीत. त्या एवढंच बोलल्या: ‘‘मला मारलंस त्याचं न्हाई रं काय वाटत. समदीच मरत्यात. पर मी मेल्यावं माज्या नावानं सोडा घालत्याल, हे मला जित्येपणी बघाया लागलं.’’ आणि गाडी सुटली. त्या घरी येऊन का बोलत नाहीत ते आता तुम्हांला कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी रशीदभाईंकडं गेलो. ढग पुसा, चंद्र पुसा, हार मी काढलाय, असं म्हटलं. ते म्हणाले, ‘‘मला पहिल्या दिवशीच वाटलं व्हतं. पर गिऱ्हाइकाच्या घरात कोन जितं, कोन मेलं, हे पेंटरनं कसं विचारायचं?’’ त्यांनी पैसे घेतले नाहीत. ‘‘या कामाचे नगं,’’ म्हणाले. त्यांनी बोर्डावर ठळक लिहून दिलं: ‘मामी हयात आहेत.’ तर लोक विचारायला लागले, हयातसाहेब कुठायत, दुकान त्यांनी घेतलं का? मग ते खोडून ‘मामी जिवंत आहेत’ असं लिहिलं. तेव्हापासून संध्याकाळच्या गाडीची बायामाणसं दुकानासमोरून जाताना मुलांना पदराखाली घेतात.

बापूसाहेबांना मी घरी जाऊन खरं सांगितलं. प्रथमच त्यांनी माझा हात सोडला. मला वाटलं रागावतील. पण ते म्हणाले, ‘‘भैरूराव, तुमच्या मामी जित्या असतील, आनंद हाय. पर आमच्या वारल्यात. लोकांनी फुलं वाह्यलीत, आता त्यांना मागं आनता येत न्हाई.’’ आणि त्यांनी सगळ्या शाखा आपल्याकडं घेऊन बोर्डाखाली ओळ वाढवली: ‘मूळ स्वर्गवासी मामींची हीच. दौंडच्या दुकानाशी आमचा संबंध नाही.’ त्यांचं उत्तम चाललंय. उरुळीला नवी शाखा झाली, नगरला जागा बघतायत. गोड ठेचा लोकांना आवडतो म्हणे. मेलेल्या मामींच्या दुकानापुढं रांगा, आणि जित्या मामींच्या दुकानात मी एकटा. रनिंग रूममध्ये मुक्कामाला असलेले दोन-चार ड्रायव्हर तेवढे येतात. ते इंजिनवाले, भुतांना भीत नाहीत.

गिताबाई परत आली. आम्ही पुन्हा रोजचं तेल रोज, सोडा नाही, भाकरी समोर थापतो. चव तशीच आहे असं ड्रायव्हर म्हणतात. मला काही कळत नाही. त्या दिवसापासून मी चतकोर तोंडाला लावलेला नाही. मामा, मी कवठ्याला यायला निघालो होतो. दोनदा स्टँडवर जाऊन बसलो. गाडी आली, लोक चढले, मी नाही चढलो. मामींना एवढंच सांगावं, की भैरूनं त्या मांडवात काय म्हणायला हवं होतं ते तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ऐकणारा कुणी नसला तरी सांगतो.

थोरांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद. माझ्याकडून आशीर्वाद कुणी घेणार नसेल तर तो तसाच ठेवावा.

तुमचा (म्हणायची अजून मुभा असेल तर)
भैरू

ता. क. – गिताबाई म्हणते, ज्यासाठी पत्र लिहिलं ते तर राहिलंच. बापूसाहेबांनी आता गावात उठवलंय, की मांडवात तळायला आलेली बाई मी भाड्यानं आणली होती आणि खऱ्या मामी म्हणून उभी करणार होतो. इथं मामींना कुणी ओळखत नाही आणि माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा तुम्हीच मामींना घेऊन एकदा दौंडला यावं आणि चारचौघांत सांगावं, की ही माझी लग्नाची बायको म्हाळसा. नवऱ्याचं म्हणणं लोक मानतात. त्यांची चूल पेटली तर माझं दुकान बंद पडलं तरी चालेल, हे मनापासून लिहितो.

आणखी ता. क. – येणार असाल तर एक गोष्ट आधी सांगून ठेवणं बरं. मामी गेल्यावर त्यांच्या मालकांचं काय झालं, असं लोक फारच खोदून खोदून विचारायचे. केडगावच्या शाखेच्या वेळी बापूसाहेबांनी माझा हात धरला असताना माझ्या तोंडून निघून गेलं, की त्या दुःखानं महिन्याभरात तुम्हीही गेलात. त्यामुळं तुम्ही स्टेशनात उतरल्यावर लोक जरा मागं सरतील. मनाला लावून घेऊ नये. कुणी विचारलंच, तर ‘आता बरं आहे’ एवढंच सांगावं.